बाळ नसलेलं बाळंतपण

पोटाचं मोठं ऑपरेशन होऊन घरी आलेल्या बाईला तुम्ही पहिलं वाक्य काय म्हणालात, आठवतं का?

मी सांगते. तुम्ही म्हणालात, "पडून राहा." प्रेमानं म्हणालात. मलाही सगळे हेच म्हणाले. मोसंबी घेऊन आलेले म्हणाले, रिकाम्या हातानं आलेले म्हणाले. ज्या माणसाच्या दारूच्या गुत्त्याविरुद्ध माझ्या वडिलांनी, आबांनी, पत्रक काढलं होतं, तोसुद्धा उंबऱ्याशी उभा राहून म्हणाला, "ताई, आता उठू नका बरं का." आमच्या गावात इतकं एकमत मी कधी कशावर पाहिलं नव्हतं. आणि हेच एकमत माझ्या जिवावर उठलं होतं.

म्हणून लिहिते आहे. उपचार अजून संपलेले नाहीत. दर काही आठवड्यांनी पुण्याला जाऊन सलाईनमधून औषध घ्यावं लागतं. ते घेतलं की तोंडाला पत्र्याची चव येते आणि हात पेनाला जड होतो. चार ओळी लिहिते, पडते, परत उठते. आवाज चढवून लिहायची माझी सवय आहे. या वेळी तेवढा दम नाही. जेवढा आहे तेवढ्यात सांगते.

आमचं घर

आम्ही इंदापूर तालुक्यातल्या कळसचे. आजोबांपर्यंत मेंढरं राखणं हाच धंदा होता. दिवाळीनंतर कळप घेऊन कोकणात उतरायचं आणि पावसाच्या आधी परत यायचं. आबांनी मेंढरं विकून जमीन धरली आणि चळवळही धरली. कालव्याच्या शेपटाला पाणी का पोचत नाही, जत्रेत बोकड का कापता, मुलीला शाळेतून का काढता, अशी त्यांची पत्रकं. घरात सायक्लोस्टाईलचं जुनं मशीन होतं. मी अक्षरं गिरवली ती पत्रकांच्या पाठकोऱ्या बाजूवर. आई माझी भाकरी फसलेल्या पत्रकात बांधून द्यायची. दुपारी डबा उघडला की भाकरीवर 'जागे व्हा' उलटं उमटलेलं असायचं. तेवढं खाऊन जी मुलगी वाढेल, ती गप्प बसणारी होणार नाही, हे उघड आहे.

आबांनी माझं नाव समता ठेवलं. आई बानू म्हणते. दोघांनीही एकमेकांचं ऐकलेलं नाही.

देवा, गाठच हाय

चोविसाव्या वर्षी माझं पोट वाढायला लागलं. लग्न झालेलं नव्हतं. पुढचं लिहायची गरज आहे का? विहिरीवरच्या बायका माझ्या चेहऱ्याकडे बघायच्या आधी पोटाकडे बघायला लागल्या. सभेला जाते, परगावी राहते, पुरुषांबरोबर पत्रकं वाटते, म्हणजे झालंच असणार. आईला कुणी तोंडावर विचारलं नाही, पण तिनं बाजाराला जाणं सोडलं. मला जेवण जात नव्हतं, दोन घास खाल्ले की पोट तट्ट व्हायचं. मी आंबट ढेकरांवर सोडा पीत होते आणि आई माझ्याकडे चोरून बघत होती.

शेवटी तीच मला इंदापूरला डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेली. बाईंनी बराच वेळ पोट चाचपलं. आईला राहवलं नाही.

"बाई, खरं काय त्ये सांगा. दिवस हायती का?"

"नाही हो. गाठ आहे. मोठी दिसते."

आईनं दोन्ही हात जोडले आणि मोठ्यानं म्हणाली, "देवा, गाठच हाय!"

मला त्या वेळी संताप आला. नंतर बाजेवर पडल्यापडल्या मी या वाक्याचा पुष्कळ विचार केला. लेकीच्या पोटात मरण आहे हे ऐकून आईला सुटल्यासारखं वाटावं, इतकी भीती तिच्या मनात कुणी भरली? त्या लोकांवर मी एक वेगळं पत्रक काढणार आहे. अंगात दम आला की.

बारामतीच्या एका खाजगी दवाखान्यात पुण्याहून कॅन्सरचे सर्जन आठवड्यातून दोन-तीन दिवस यायचे. कमी बोलणारा माणूस. सोनोग्राफीचे फोटो उजेडात धरून त्यांनी सांगितलं, "अंडाशयाची गाठ आहे. कॅन्सर असण्याची शक्यता जास्त. पोट उघडल्यावर कळेल. पिशवी, दोन्ही अंडाशयं, सगळं काढावं लागेल कदाचित." मग त्यांनी आबांकडे बघितलं. "सही तुम्ही करणार?"

"पोट माझं आहे," मी म्हणाले. "सही मी करणार."

तिथली सिस्टर हसली. आबांची मान ताठ झाली. बाहेर आल्यावर जिन्यात थांबून आईनं विचारलं, "मंग लगीन?"

पंजे वर, पंजे खाली

सगळं काढावं लागलं. कॅन्सरच होता. या दोन वाक्यांपाशी मी कितीतरी वेळा पेन ठेवलं आहे. यापुढं त्याबद्दल लिहिण्यासारखं माझ्याकडे अजून काही नाही.

पण दवाखान्यात मला चकित केलं ते दुसऱ्याच गोष्टीनं. शुद्धीवर आले तर पोटावर टाके, नाकात नळी, आणि दोन्ही पाय बोटांपासून मांड्यांपर्यंत लवचिक पट्ट्यांनी गुंडाळलेले. मला वाटलं, पायाचंही काही कापलं की काय. सकाळ-संध्याकाळ सिस्टर यायच्या, पोटाच्या कातडीची चिमूट धरायच्या आणि तिच्यात बारीक सुई टोचायच्या. त्या जागा जांभळ्या व्हायच्या. मग पट्ट्या सोडायच्या, पिंढऱ्या बघायच्या, परत गुंडाळायच्या. "पंजे वर, पंजे खाली. मोठा श्वास. परत." पोटाबद्दल विचारण्याआधी त्या पायाबद्दल विचारायच्या.

डॉक्टरांना आबांनी कारण विचारलं. ते म्हणाले, "कॅन्सरमध्ये रक्त लवकर गोठतं. त्यात ओटीपोटाचं ऑपरेशन, आणि त्यात पेशंट झोपून. तिन्ही एकत्र आली की पिंढरीच्या शिरेत रक्ताची गुठळी धरते. ती सुटून फुप्फुसात गेली की आमच्या हातात फार काही राहत नाही. म्हणून सुया, म्हणून पट्ट्या, म्हणून चालायचं."

आबांना लगेच कळलं. "म्हंजे पानी वाहतं ठेवायचं. चारीत थांबलं की गाळ धरतो."

"तसंच," डॉक्टर म्हणाले.

दुसऱ्या दिवशी मला उभं केलं. विळ्यासारखी वाकलेली, एका हातात लघवीची पिशवी, दुसरा हात सिस्टरच्या खांद्यावर. खाटेपासून दारापर्यंत गेले आणि घामानं भिजले. सभेसाठी मी कळस ते इंदापूर पायी गेलेली मुलगी. दाराची चौकट धरून रडले. "रडा," सिस्टर म्हणाल्या, "पण चालता चालता."

मामंजी बाकावर बसल्यात

शेजारच्या खाटेवर शेवंताकाकू होत्या. सोमेश्वरनगरच्या. नवरा साखर कारखान्यात पाळीवर. त्यांचा गर्भाशयाच्या तोंडाचा कॅन्सर, ऑपरेशन माझ्या आदल्या दिवशी. वॉर्डात हसू यायचं ते त्यांच्यामुळं, आणि हसलं की टाके ओढायचे म्हणून मी त्यांना हात जोडायचे.

"कापलं प्वॉट आन् कवायत पायाची," त्या म्हणायच्या. "ह्या डॉक्टरला बाईचं अंग म्हाईत हाय का सायकलीचं?"

सिस्टर समोर असल्या की दोन खाटांच्या मधे त्या चार पावलं टाकायच्या. वऱ्हांड्यात काही जायच्या नाहीत. त्याचं कारण वऱ्हांड्यातच बसलेलं होतं. दाराला लागून एक लाकडी बाक, आणि बाकावर त्यांचे सासरे. पांढरा फेटा, मांडीवर काठी आडवी. सकाळी यायचे ते संध्याकाळी दिवे लागल्यावर उठायचे. सुनेला असं टाकून घरी बसणं त्यांना बरं वाटत नव्हतं. चांगला माणूस. येणाऱ्या-जाणाऱ्याला "काय कमी पडतंय का" विचारायचा.

"काकू, चला की बाहेर," मी म्हणायचे.

"आगं, मामंजी बसल्यात. त्यांच्यासमोरनं अशी जाऊ? गाऊन घालून? डोस्क्यावर पदर न्हाय आन् हातात मुताची पिशवी?"

"मग त्यांना म्हणा, जरा खाली जाऊन या."

"कोन म्हननार? तू?"

"मी म्हणते."

"तू पत्रकवाली, तुझं काय जातंय. मला तितं नांदायचंय बाई."

मी गेले. भिंत धरत बाकापाशी पोचले आणि म्हणाले, "आजोबा, सारखं बसून अवघडला असाल. खाली जाऊन चहा घेऊन या." त्यांनी डोळे पुसले. "न्हाय पोरी. तू स्वता आजारी असून माझं बघतीस. मी बसतो हितंच. मला काय न्हाय." आणि बाकावर आणखी नीट मांडी घालून बसले. खरं कारण मला सांगता येत नव्हतं. ते सांगितलं असतं तर काकूंची उरलीसुरली लाज गेली असती. लाजेची बाब लाज राखूनच सांगायची, असं आपल्याकडे ठरलेलं आहे, आणि तशी ती सांगता येत नाही, हेही ठरलेलंच.

काकूंची डावी पिंढरी दुखायला लागली. त्यांची नणंद घरून तेल घेऊन आली होती. ती रोज पायाची पट्टी सोडून जोर लावून चोळायची. सिस्टरला दोघींनी सांगितलं नाही. "आवघडलंय जरा, त्यात काय सांगायचं?"

दवाखान्यातून सुट्टी मिळायच्या दिवशी काकू खूश होत्या. गाऊन गेला, पिशवी गेली, लुगडं नेसल्या, कुंकू लावलं, डोक्यावरून पदर घेतला. आता मामंजींसमोर जायला हरकत नव्हती. पहिल्यांदाच त्या वऱ्हांड्यात गेल्या. सासऱ्यांच्या पाया पडायला वाकल्या आणि तिथंच बाकाला धडकून खाली पडल्या. श्वास लागला, ओठ काळे पडले. सिस्टर धावल्या, डॉक्टर धावले, ऑक्सिजन आणला. काही उपयोग झाला नाही.

सासरे बाकाशेजारी उभे होते. त्यांना कुणीतरी, पायातली गुठळी, ते बसलेले म्हणून काकूंचं न चालणं, वगैरे सांगितलं असावं. ते एकच वाक्य परत परत म्हणत होते. "मी उठून गेलो असतो की. मला कुनी सांगितलंच न्हाय."

बाज

टाके काढून मला घरी सोडलं तेव्हा डॉक्टर म्हणाले, आता सुया बंद. आता तुझं औषध चालणं. रोज चालायचं, पाणी भरपूर प्यायचं, एका जागी तासन्‌तास पडायचं नाही. एकाच पायाची पिंढरी दुखली, सुजली, गरम लागली तर चोळायची नाही आणि त्याच दिवशी इकडे यायचं. दम लागला, छातीत कळ आली तर तासभरसुद्धा थांबायचं नाही. आबांनी ऐकलं. आई त्या वेळी भांडी आवरत होती.

घरी आले तर मधल्या खोलीत बाज टाकलेली. खिडकीला गोणपाट. बाजेखाली निखाऱ्याची शेगडी, तिच्यावर ओवा आणि बाळंतशोपा टाकलेल्या. उशाशी डिंकाचे लाडू. आईनं माझ्या कानाला फडकं बांधलं, जुन्या लुगड्याचा पट्टा करून पोट आवळलं आणि म्हणाली, "आता सव्वा म्हैना ह्या बाजंवरनं पाय खाली टाकायचा न्हाय."

गावातल्या बायकांच्या बोलण्यातच ते होतं. पिशवी म्हणजे बाळाचं घर. ते रिकामं झालं काय किंवा काढून टाकलं काय, अंग ओलंच. मग बाळंतिणीचंच पथ्य. पाणी कमी, वारा नको, पाय जमिनीला नको. शेजारची एक म्हातारी आली, शेगडी नीट लावून गेली. कुणालाही त्यात विचित्र वाटलं नाही. पाळणा तेवढा नव्हता.

आबा दाराशी आले. "आगं, डॉक्टरनं चालायला सांगितलंय तिला."

"तुमी कालव्याचं बघा. बाजंचं मी बघते."

आबांनी कलेक्टरच्या टेबलावर हात आपटलेला मी पाहिलेला आहे. त्या दिवशी ते ओसरीवर जाऊन बसले. आमच्या सगळ्या पत्रकांना आमच्याच घरात हा एक उंबरा ओलांडता आला नाही.

मी आईला शेवंताकाकूंचं सांगितलं. ती म्हणाली, "तिचं भरलं व्हतं, ती गेली." मी डॉक्टरांचं सांगितलं. ती म्हणाली, "डॉक्टर बाप्या हाय. त्याला काय ठावं वल्या अंगाचं?" मी आवाज चढवला तर टाके दुखले. "भाषन नगं," आई म्हणाली, "लाडू खा."

खरं सांगायचं तर त्या खोलीत बरं वाटत होतं. ऊब होती. आई केस विंचरायची. कुणी काही मागत नव्हतं, कुणाचं काही देणं नव्हतं. दवाखान्यात प्रत्येक पाऊल भांडण करून टाकलेलं, इथं भांडण थांबलं होतं. मी इतकी थकले होते की मरायची भीतीसुद्धा लांबून ऐकू येणाऱ्या भोंग्यासारखी झाली होती. पंजे वर, पंजे खाली, तेवढं गोधडीखाली चोरून करत होते. आईला दिसलं की ती पाय दाबून धरायची. तहान लागायची, ती घोटभर पाणी द्यायची, तेही कोमट.

असे दिवस गेले आणि एका सकाळी डावी पिंढरी दुखायला लागली.

सुजाया येळ कुठं व्हता

आईनं ते माझ्या चेहऱ्यावरून ओळखलं. वाटीत तेल गरम केलं आणि बाजेच्या पायथ्याशी येऊन बसली. तिनं घोटा हातात धरला, तशी मी किंचाळून पाय ओढून घेतला. पोटात कळ गेली.

"हात लावू नकोस! शेवंताकाकूंना असंच चोळलं होतं!"

आईच्या हातातलं तेल सांडलं. "मी काय तुला मारायला बसलीय व्हय गं?" ती ओरडली. "कुनासाठी करतीया ह्ये? कवाधरनं मनात धरून ठिवलंय मी!"

"काय धरून ठेवलंयस?"

आईनं शेगडीतले निखारे सारखे केले. मग बोलली, आणि ते तिनं मला आधी कधी सांगितलेलं नव्हतं.

"तू झालीस त्ये घरात न्हाय. मेंढरं घिऊन कोकनात उतरत व्हतो. घाटाच्या अल्याड, एकाच्या वावरात तळ व्हता. दिस मावळायला झालीस. सकाळी तळ हालला. तुझी आजी म्हनली, मेंढरं काय थांबत न्हाईत. तुला घोड्यावरच्या वझ्यात घातली आन् मी मागनं चालत. रगत जात व्हतं आन् मी चालत व्हती. वाटंत एका गावात एक बाळंतीन दिसली बाजंवर. शेगडी, लाडू, आय केस विचरतीया. तवाच म्हनलं, माझ्या लेकीला असं करीन. सव्वा म्हैना एक पाय खाली टाकू द्यायची न्हाय."

तिनं पदरानं नाक पुसलं.

"आन् आता तुला तर बाळंतपन न्हाईच. मंग कवा करू? ह्येच हाय की माझ्या हातात."

माझ्या पोटातून काय गेलं याचा मी अजून नीट विचार केला नव्हता. आई तो रोज करत होती, शेगडी फुंकता फुंकता. मी तिचा हात धरला. तेलकट होता. आणि मग मला सुचलं ते मी विचारलं, वाद घालायला नाही, मला खरंच जाणून घ्यायचं होतं.

"आई, तुझे पाय सुजले होते का गं तेव्हा?"

"सुजाया येळ कुठं व्हता?" ती म्हणाली.

शेगडीत ओवा तडतडत होता. आईनं माझ्या पिंढरीकडे बघितलं, मग स्वतःच्या पायांकडे. तिचे पाय टणक, काटक, टाचांना भेगा. त्या पायांनी ती घाट उतरली होती.

"त्या वक्ताला लई जनी चालल्या अशा," ती हळूच म्हणाली. "रडत चालल्या, पर चालल्या." आणि मग एकदम उठून दारात गेली. "आवो! जीप बघा कुनाची. बारामतीला न्यायचीय पोरीला. आत्ता."

डॉक्टरांनी दोन्ही पिंढऱ्या टेप लावून मोजल्या, दाबून बघितल्या, ठेवून घेतलं, परत तपासलं. गुठळी धरलेली नव्हती. "थोडक्यात," एवढंच ते म्हणाले. या वेळी आई भांडी आवरायला गेली नाही. खाटेच्या पायथ्याशी उभी राहून तिनं एकेक गोष्ट विचारून घेतली. पाणी किती? पोट बांधायचं का? पाय खाली सोडून बसलं तर? डॉक्टरांचा वेळ गेला. मला बरं वाटलं.

तिथून निघताना मी वऱ्हांड्यातल्या त्या बाकाकडे बघितलं. दुसरंच कुणीतरी बसलं होतं. फेटा लाल होता.

मागनं चालणारी

बाज अंगणात गेली. खिडकीचं गोणपाट निघालं. लाडू राहिले, त्याबद्दल माझी तक्रार नव्हती.

रोज सकाळी आई मला चालवायची. आधी दारापासून गोठ्यापर्यंत, मग पाण्याच्या चारीपर्यंत, मग चारीच्या कडेनं. ती शेजारून चालत नसे. मागून चालायची, हातात काठी घेऊन. मी थांबले की मागून जिभेचा 'टक्‌ टक्‌' आवाज यायचा. मेंढरं हाकायचा.

"आई, मी मेंढरू आहे का?"

"मेंढरू बरं. त्ये उलटं बोलत न्हाय."

विहिरीवरच्या बायकांनी एकदा दारावरून जाताना टोमणा मारला. "काय वो वैनी, बाळंतीन हिंडाया लागली व्हय? सव्वा म्हैना तरी झाला का?"

आई थांबली नाही. चालता चालताच म्हणाली, "माझी लेक हाय. मला जित्ती पायजे. तुमाला काय, मेली तर दिवसाचं जेवाया याल." त्या दिवशी आबांनी ओसरीवरून ते ऐकलं आणि म्हणाले, एवढ्या थोडक्यात मला एकही पत्रक लिहिता आलं नाही.

मी बरी झाले असं म्हणणार नाही. केस गेले आहेत. पुढच्या तपासणीत काय निघेल माहीत नाही. मूल होणार नाही, हे मला कधी संध्याकाळी चुलीपुढं बसल्यावर एकदम कळतं, जणू कुणी आत्ताच सांगितलं. चालताना पाय ओढतात. रोज उठावंसं वाटतंच असंही नाही. पण पायांत गुठळी नाही. एवढं एक मरण आम्ही दोघींनी मिळून परतवलं.

परवा दुपारी मी आईला अंगणातल्या त्या बाजेवर झोपवलं. नको नको म्हणत होती. मी उशाशी लाडू ठेवला, तिच्या डोक्यावरून पदर सारून केस मोकळे केले आणि विंचरले. ती थोडा वेळ डोळे मिटून पडली. मग म्हणाली, "पुरं. पाय आखडलं." आणि उठून कामाला गेली.

आता तुमच्याकडे मागणं

तुमच्या घरातली, भावकीतली, शेजारची बाई असं ऑपरेशन करून येईल. कॅन्सर असेल किंवा दुसरं काही. सुट्टीच्या आधी डॉक्टरांना विचारा, पायात गुठळी होऊ नये म्हणून हिला काय करायचं? सुया घरी चालू ठेवायच्या का? कधी उठवायचं, किती चालवायचं? विचारायला लाजू नका आणि उत्तर ऐकताना भांडी आवरायला जाऊ नका. पिंढरी दुखली तर तेलाची वाटी खाली ठेवा आणि गाडी शोधा.

बायांनो, तिला पाणी द्या. तिचा हात धरा. ती रडली तरी चालवा.

आणि दवाखान्याच्या वऱ्हांड्यात बसलेल्या आबा, तात्या, मामंजी, भाऊसाहेब, तुम्हाला वेगळं सांगते, कारण तुम्हाला कुणी सांगत नाही. तुम्ही मायेनं बसला आहात, हे मला माहीत आहे. पण आत एक बाई डोक्यावर पदर नाही म्हणून खाटेवर पडून आहे, आणि तिच्या पायातलं रक्त थांबत चाललं आहे. ती तुम्हाला कधीच म्हणणार नाही, म्हणून मी म्हणते.

बाकावरून उठा. खाली जाऊन बसा. तिला चालायचं आहे.